घरची बालवाडी: अभ्यासक्रम कोणता?

मूल अडीच-तीन वर्षांचं झालं की घरात शाळेचा विषय निघतो. पुणे, मुंबई, नाशिक अशा शहरांतल्या काही घरांत तो आता वेगळ्या अंगाने निघतो. पहिलीपर्यंत मुलाला घरीच ठेवायचं, आपणच शिकवायचं असं आईवडील ठरवतात आणि मग विचारतात: शिकवायचं काय, आणि कशाच्या आधाराने? मार्च २०२० मध्ये बालवाड्या आणि अंगणवाड्या बंद पडल्या तेव्हा ज्यांनी असं काहीच ठरवलं नव्हतं त्यांच्याही पदरात हा प्रश्न पडला. परदेशातल्या मराठी कुटुंबांपुढे तो आधीपासून आहेच. तिथे खाजगी प्रीस्कूलचं शुल्क आणि घरातलं मराठी टिकवण्याची धडपड, दोन्हींमुळे तो टाळता येत नाही.

उत्तरं सांगणारे भरपूर आहेत. माँटेसरी साहित्याचे संच विकत मिळतात, अमेरिकेतून अख्ख्या वर्षाच्या पेट्या मागवता येतात, वर्कशीटचे गठ्ठे छापून घेता येतात, आणि आता सरकारी आराखडाही हाताशी आहे. प्रत्येक पद्धतीमागे एक विचार आणि एक इतिहास आहे. पालकांपर्यंत मात्र बहुतेक वेळा नुसती वस्तूंची यादी पोहोचते. या लेखात तीन ते सहा या वयापुरता या चर्चेचा आढावा घेतला आहे. सहाच्या पुढच्या गृहशिक्षणाचा वाद वेगळा आहे, तो इथे घेतलेला नाही.

कायदा कुठवर येतो

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. तो सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. त्याआधीच्या वयाबद्दल कायद्याचं अकरावं कलम एवढंच म्हणतं की सरकार पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय करू शकतं. राज्यघटनेतलं ४५ वं कलमही सहा वर्षांपर्यंतच्या संगोपन-शिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकतं, पालकांवर सक्ती करत नाही. त्यामुळे पाच वर्षांचं मूल घरी शिकत असेल तर भारतात कोणताही कायदा मोडत नाही. अमेरिकेत सक्तीच्या शिक्षणाचं वय राज्यागणिक पाच ते आठच्या दरम्यान सुरू होतं आणि १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत गृहशिक्षणाला मान्यता मिळालेली होती.

आपल्याकडे खरी अडचण परतीच्या वाटेवर येते. शहरांतल्या अनेक इंग्रजी माध्यमाच्या शाळा नर्सरी किंवा ज्युनिअर केजीतच जागा भरून घेतात, पहिलीला थोड्याच उरतात. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेणं कायद्याच्या तेराव्या कलमाने बंद केलं आहे, तरी 'आपलं मूल मागे पडलं तर?' ही धास्ती राहतेच. घरच्या बालवाडीचा अभ्यासक्रम निवडताना शिक्षणविचारापेक्षा ही धास्तीच अनेकदा निर्णय घेते. पुढचे पर्याय वाचताना हे लक्षात ठेवावं लागतं.

दोन परंपरा

या विषयाला दोन वेगळ्या परंपरांचा वारसा आहे. एक बालशाळेची, दुसरी घरच्या शिक्षणाची.

पहिली फ्रोबेलपासून सुरू होते. त्याने १८३७ मध्ये जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग या गावी खेळातून शिकण्याची संस्था काढली आणि पुढे तिला 'किंडरगार्टन' म्हटलं. ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया माँटेसरी यांनी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. माँटेसरीबाई स्वतः भारतात आल्या १९३९ मध्ये, थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासजवळ अड्यारला, आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. पण त्यांचा विचार त्यांच्या आधीच इथे रुजला होता. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला.

ताराबाईंनी पुढे जे केलं ते आजच्या पालकांसाठी मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार काढलं. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, तिथे अनुताई वाघ त्यांच्या सोबत आल्या, आणि काही वर्षांनी काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. शहरातली पद्धत वारली पाड्यावर जशीच्या तशी चालणार नव्हती. माँटेसरीचं साहित्य सुताराकडून नेमक्या मापात करून घ्यावं लागे आणि ते महाग पडे. मग त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, बांबूचे तुकडे घेतले आणि त्यातूनच लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत यांचे पाठ बांधले. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात न्यायची, हा 'अंगणवाडी'चा विचार तिथलाच. जी मुलं गुरांमागे जात त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. म्हणजे आधी मूल आणि त्याचं घर-अंगण पाहायचं, मग साहित्य ठरवायचं. पेटी विकत घेऊन तिच्यात मुलाला बसवण्याच्या बरोबर उलट क्रम. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेलं, पण या क्रमातला विचार सगळीकडे गेला असं म्हणता येणार नाही.

दुसरी परंपरा पाश्चात्त्य मध्यमवर्गीय घरातली. इंग्लंडमध्ये शार्लट मेसन यांचं 'होम एज्युकेशन' १८८६ मध्ये आलं. त्यांचं सांगणं होतं की सहा वर्षांपर्यंत औपचारिक पाठ नकोत, दिवसाचे कित्येक तास मोकळ्या हवेत, चांगल्या भाषेतल्या गोष्टी भरपूर, आणि चांगल्या सवयी. बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट शाळेने १९०६ च्या सुमारास घरबसल्या शिकवण्याचे पाठ टपालाने पाठवायला सुरुवात केली. आजच्या पेटीचं ते पूर्वरूप. १९७० च्या दशकात सूर बदलला. रेमंड आणि डोरोथी मूर या दाम्पत्याने १९७५ च्या 'बेटर लेट दॅन अर्ली'मध्ये औपचारिक शिक्षण आठ-दहा वर्षांपर्यंत लांबवावं असं मांडलं. जॉन होल्ट यांनी १९७७ मध्ये 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' हे नियतकालिक सुरू केलं आणि अभ्यासक्रम ही कल्पनाच बाजूला ठेवा असं सांगितलं. याच काळात धार्मिक कारणांनी शाळेबाहेर पडणारी ख्रिस्ती कुटुंबं मोठ्या संख्येने या प्रवाहात आली. त्यामुळे अमेरिकेतल्या अनेक तयार पेट्यांत बायबलचे पाठ विणलेले असतात. पेटी मागवण्याआधी भारतीय पालकांनी हे पाहून घेतलेलं बरं. विणकाम असं असतं की तेवढे पाठ वगळले तर वर्षाची वीणच सैल होते.

आजच्या मुख्य भूमिका

*माँटेसरी.* घरच्या बालवाडीत सगळ्यात जास्त ऐकू येणारं नाव. मुलाला वातावरणातून, हाताने, स्वतःच्या गतीने शिकू द्यावं, मोठ्यांनी कमीत कमी हस्तक्षेप करावा, हे तिचं सार. घरात तिचा जो भाग सहज उतरतो तो रोजच्या कामांचा: ओतणं, पुसणं, बटणं लावणं, भाजी निवडणं. चार वर्षांच्या मुलापुढे हिवाळ्यात मटारची टोपली ठेवली तर शेंगेचं टोक नखाने मोडणं, शिवण उलगडणं, दाणे एका वाटीत आणि सालं दुसरीत टाकणं, एका शेंगेत किती निघाले ते बोटाने मोजणं, चपटे आणि भरलेले वेगळे करणं, इतकं सगळं अर्ध्या तासात होतं. यासाठी विकतचं काही लागत नाही. जो भाग घरात उतरत नाही तोही मोठा आहे. माँटेसरी वर्गात तीन ते सहा वयाची मुलं एकत्र असतात, मोठी मुलं धाकट्यांना दाखवतात, आणि कामाचा सलग तीन तासांचा वेळ मोडायचा नसतो. घरी एकच मूल असेल तर पहिल्या दोन गोष्टी शक्य नसतात आणि तिसरी दाराच्या बेलवर अवलंबून असते.

*उशिरा सुरू करा.* रुडॉल्फ स्टायनर यांची वॉल्डॉर्फ पद्धत १९१९ मध्ये श्टुटगार्टमधल्या सिगारेट कारखान्याच्या कामगारांच्या मुलांसाठी सुरू झाली. सात वर्षांच्या आसपास दुधाचे दात पडेपर्यंत लिहिणं-वाचणं नाही. गोष्टी, गाणी, ऋतू, चित्रं, भाकरी थापण्यासारखी कामं आणि ठरलेल्या लयीचा दिवस. शार्लट मेसनचे अनुयायीही या वयात पुस्तकी पाठ टाळतात, मात्र त्यांचा भर साहित्यावर आणि निसर्गनिरीक्षणावर. अक्षरांच्या घाईबद्दल दोघांचं मत एकच आहे.

*आखलेला, शैक्षणिक अभ्यासक्रम.* १९९० मध्ये सुरू झालेली सोनलाइट ही कंपनी गोष्टींच्या पुस्तकांभोवती वर्ष बांधते; अबेकासारख्या संस्था ध्वनी-अक्षर-लेखन क्रमाने, रोजच्या पाठांनी जातात. ग्लेन डोमन यांच्या १९६४ च्या पुस्तकापासून निघालेली फ्लॅशकार्डची शाखाही इथलीच. तिचे समर्थक म्हणतात, लहान मूल शब्द झपाट्याने टिपतं. आक्षेप घेणारे म्हणतात, आकार ओळखणं आणि वाचणं वेगळं. या गटाचं बळ स्पष्ट आहे: सकाळी उठून आज काय करायचं हा विचार आईला करावा लागत नाही. दोन मुलं, घरचं काम आणि कदाचित नोकरीही सांभाळणाऱ्या पालकासाठी हे लहान बळ नव्हे, आणि मुलाला कागदाला जुंपता अशी टीका करणारे हे बहुधा विसरतात.

*अभ्यासक्रमच नको.* होल्टच्या मार्गाने जाणारे पालक मुलाच्या कुतूहलामागे जातात. तीन ते सहा या वयात खेळकेंद्री बालवाडी आणि ही भूमिका यांतलं अंतर कमीच असतं. फरक मोठ्यांच्या तयारीत आहे. मुलाने विचारलेल्या प्रश्नाला वेळ देणारं, त्यावर पुढची गोष्ट सुचवणारं माणूस दिवसभर घरात हवं.

*शासनाचा आराखडा.* नवं शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं. त्यावर आधारलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो तीन ते आठ हा एकच टप्पा धरतो, घरच्या भाषेतून शिकवा म्हणतो, आणि तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी पाठ्यपुस्तक नको असं स्पष्ट सांगतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये 'जादुई पिटारा' आला: खेळणी, कोडी, बाहुल्या, गोष्टींची कार्डं. २०२४ मध्ये महिला व बालविकास मंत्रालयाने अंगणवाडीसाठी 'आधारशिला' हा ४८ आठवड्यांचा क्रम काढला. महाराष्ट्रात अंगणवाड्यांचा स्वतःचा 'आकार' अभ्यासक्रम आधीपासून आहे. हे सगळं गटासाठी लिहिलेलं आहे, तरी आठवड्याचे विषय, गोष्टी आणि खेळ घरातही वापरता येतात. गृहशिक्षण करणारी मंडळी या साहित्याकडे 'सरकारी' म्हणून पाहतही नाहीत, हे मला खटकतं. त्यात कोसबाडचा अंश बराच आहे, आणि ते फुकट आहे.

पुरावा काय सांगतो

पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या बाजूने नेहमी दिला जाणारा दाखला मिशिगनमधल्या इप्सिलँटीचा. १९६२ ते १९६७ या काळात तिथल्या पेरी प्रीस्कूल प्रकल्पात गरीब घरांतल्या १२३ कृष्णवर्णीय मुलांचा अभ्यास झाला. काहींना बालशाळा मिळाली, काहींना नाही. चाळिशीपर्यंत पाठपुरावा केला तेव्हा बालशाळेत गेलेल्यांचं शिक्षण आणि कमाई जास्त होती, अटका कमी होत्या. या प्रकल्पात शिक्षिका दर आठवड्याला दीडेक तास मुलाच्या घरी जात आणि आईसोबत बसत. तेव्हा फायदा शाळेचा किती आणि घरातल्या त्या दीड तासाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. घरच्या बालवाडीचा विचार करणाऱ्याने हा तपशील सोडू नये.

कोणता अभ्यासक्रम, या प्रश्नावर त्याच गावात १९६७ मध्ये सरळ तुलना सुरू झाली. ६८ मुलं तीन गटांत वाटली गेली: शिक्षकाने क्रमाने पाठ देण्याची पद्धत, मुलाने ठरवा-करा-सांगा अशी हायस्कोप पद्धत, आणि पारंपरिक खेळाची नर्सरी. सुरुवातीच्या वर्षांत तिन्ही गटांची बौद्धिक चाचणी सारखीच वर गेली. तेविसाव्या वर्षी मात्र पाठपद्धतीच्या गटात भावनिक अडचणी आणि कायद्याशी खटके जास्त दिसले. हा निष्कर्ष फार उद्धृत होतो. तो सांगताना दोन गोष्टी जोडायला हव्यात: मुलं फक्त ६८ होती, आणि अभ्यास करणारे हायस्कोपचेच जनक होते.

मोठ्या प्रमाणावरचं उत्तर जास्त निरुत्साही आहे. अमेरिकी शिक्षण खात्याने २००८ मध्ये १४ पूर्वप्राथमिक अभ्यासक्रमांचं मूल्यमापन प्रसिद्ध केलं. त्यातल्या बहुतेकांनी तुलनेच्या वर्गांपेक्षा मोजता येण्याजोगा फरक पाडलेला नव्हता. टेनेसी राज्याच्या बालशाळा योजनेत २,९९० मुलांचा पाठपुरावा झाला. २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत सहावीपर्यंत बालशाळेत गेलेली मुलं न गेलेल्यांपेक्षा चाचण्यांत मागे होती आणि त्यांच्या शिस्तीच्या तक्रारीही जास्त होत्या. यावरून बालशाळा वाईट असं ठरत नाही. ती कशी चालते यावर सगळं अवलंबून आहे, असा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात.

माँटेसरीच्या बाजूने पुरावा तुलनेने बरा आहे. अँजेलिन लिलार्ड यांनी २००६ मध्ये 'सायन्स'मध्ये मिलवॉकी इथल्या शाळेचा अभ्यास छापला. प्रवेश सोडतीने झाले होते, म्हणजे उत्साही पालकांचीच मुलं आत आली अशी शंका राहत नव्हती. पाच वर्षांची मुलं वाचनाच्या पूर्वतयारीत, गणितात आणि सामाजिक वागण्यात पुढे दिसली. त्यांच्याच २०१२ च्या अभ्यासात, ज्या वर्गांत फक्त माँटेसरी साहित्य होतं तिथली मुलं, त्यात वर्कशीट आणि इतर कोडी मिसळलेल्या वर्गांपेक्षा पुढे गेली. घरात आपण नेमकं मिसळतोच: थोडी माँटेसरी, थोडी वर्कशीट, थोडी यूट्यूबवरची गाणी.

लवकर वाचन शिकण्याबद्दल न्यूझीलंडमध्ये सेबास्टियन सगेट आणि सहकाऱ्यांनी पाच वर्षांपासून वाचायला शिकलेल्या आणि स्टायनर शाळांत सातव्या वर्षी सुरू केलेल्या मुलांची तुलना केली. अकरा वर्षांच्या आसपास वाचनात फरक उरलेला नव्हता. इंग्लंडमध्ये १९९७ पासून सुमारे तीन हजार मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाने दुसरीच बाजू दाखवली: घरात गोष्टी वाचून दाखवणं, बडबडगीतं, ग्रंथालयात नेणं, चित्रं काढणं, अक्षर-अंकांशी खेळणं या गोष्टींचा परिणाम पालकांचं शिक्षण आणि उत्पन्न धरूनही वेगळा दिसत होता.

भारतात २०११ ते २०१६ या काळात दिल्लीचं आंबेडकर विद्यापीठ आणि असर सेंटर यांनी आसाम, राजस्थान आणि आंध्र-तेलंगणातल्या सुमारे १४ हजार मुलांचा मागोवा घेतला. खाजगी बालवर्गांत पाटी-पुस्तकाची घाई आणि अंगणवाड्यांत शिकवण्याचा अभाव, असं दोन टोकांचं चित्र पुढे आलं, आणि पाच वर्षांची बहुसंख्य मुलं पहिलीसाठी तयार नव्हती. घरी शिकवायचं ठरवणारे पालक पर्याय कशाला शोधतात, याचं कारण या निष्कर्षांत सापडतं.

या सगळ्यात एक मोठी उणीव आहे. हे अभ्यास गटातल्या, प्रशिक्षित शिक्षिकेच्या बालवर्गांचे आहेत. घरी एका-दोन मुलांवर हे अभ्यासक्रम कसे चालतात याचा भरवशाचा अभ्यास जवळजवळ नाही. रॉबर्ट कुन्झमन आणि मिल्टन गेथर यांनी २०१३ मध्ये गृहशिक्षणावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला तेव्हा हीच अडचण पुन्हा पुन्हा आली: सहभागी कुटुंबं स्वतःहून पुढे आलेली, सुस्थितीतली, आणि तुलनेला योग्य गट नाही. पेटीवर छापलेले यशाचे दावे या उजेडात वाचावे लागतात.

मराठी घराचा वेगळा पेच

इंग्रजी पेटी घेणाऱ्या मराठी पालकाला एक गोष्ट उशिरा कळते. तिचं वेळापत्रक इंग्रजी लिपीसाठी आहे. सव्वीस आकार, आणि मग त्यांचे उच्चार कसे बदलतात याची मोठी कसरत. देवनागरीत उच्चाराचा गोंधळ कमी, पण आकार कितीतरी जास्त: स्वर, तीसहून अधिक व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी, पुढे जोडाक्षरं. सोनाली नाग यांनी कन्नड अक्षरांवर केलेल्या अभ्यासात मुलं अक्षरांचा पूर्ण संच पहिली-दुसरीनंतरही शिकत राहतात असं दिसलं, आणि कन्नडची रचना देवनागरीसारखीच आहे. त्यामुळे पाचव्या वर्षी इंग्रजी मूल जे करतं ते मराठीत होत नाही म्हणून घाबरणं निराधार आहे.

सुरुवात कुठून करायची यावरही मतभेद आहेत. अ-आ-इ ते क्ष-ज्ञ हा पाठाचा क्रम घराघरांत चालतो. बालशिक्षणातली मंडळी मात्र सारख्या अवयवांची अक्षरं एकत्र घ्यावीत, किंवा ज्यातून लगेच शब्द बनतात अशी थोडी अक्षरं आधी घ्यावीत असं सांगतात. ग, म, भ, न हा गट त्याचं ठळक उदाहरण: उभी रेघ, तिच्या डावीकडे थोडाथोडा फरक, आणि लगेच 'नग', 'मन', 'गगन', 'गमन'. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत विकसित केलेली वाचनपद्धती अक्षरांबरोबर अर्थ आणि मुलाचं स्वतःचं बोलणं धरून चालते.

घरी करायचं असेल तर खरखरीत अक्षरं हा माँटेसरीतला भाग देवनागरीत चांगला चालतो. पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा घ्यायचा, त्यावर 'ग' डिंकाने रेखायचा, डिंक ओला असतानाच चाळलेली वाळू भुरभुरायची आणि वाळल्यावर झटकायची. आईने पहिली दोन बोटं आधी डावीकडच्या वळणावरून, मग उभ्या रेघेवरून फिरवायची आणि 'ग' म्हणायचं, 'ग गणपतीचा' नव्हे. शिरोरेषा पुठ्ठ्यावर काढायचीच नाही. ती शब्द झाल्यावर, सगळ्यांवरून एकदम द्यायची. मूल हात फिरवताना वळण उलट घेत असेल तर ते लगेच दिसतं. छापील गिरवणीत ते दिसत नाही, कारण तिथे फक्त उमटलेली रेघ उरते.

मराठीत साहित्याचा तुटवडा आहे हे म्हणणं आता अर्धंच खरं आहे. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर', 'चित्रवाचन' यांसारखी पुस्तकं आणि प्रथम बुक्सच्या मराठी चित्रगोष्टी आहेत, 'चिकूपिकू' हे लहानांचं नियतकालिक आहे, अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी आहेत, १९८७ पासून 'पालकनीती' मासिक आहे. वर्षभराचा क्रम लावून हे सगळं एकत्र बांधलेलं मात्र कुठे मिळत नाही. पेटीची विक्री होते ती या सुट्या गोष्टी जोडणाऱ्या धाग्यामुळे. परदेशात रविवारची मराठी शाळा असते, पण ती बहुधा पाच-सहा वर्षांपासून पुढची. तीन ते सहाचं वय घरावरच असतं.

जे सुटलेलं नाही

पहिला प्रश्न सोबतीचा. बाग, सोसायटी, भावंडं, आठवड्यातून भेटणारी चार घरं यांनी गट पुरेसा होतो असं गृहशिक्षक सांगतात; रोज तीच मुलं, तीच भांडणं आणि तीच समेट यांची जागा ते घेत नाहीत असं बालशिक्षिका सांगतात. दोघांचं निरीक्षण खरं वाटतं, आणि दोन्ही बाजूंना पुरावा तोकडा आहे.

दुसरा श्रमाचा. घरची बालवाडी म्हटलं की प्रत्यक्षात बहुतेक घरांत आई. तिने नोकरी सोडली का, सासू-सासऱ्यांचा पाठिंबा आहे का, वडील आठवड्यातून किती वेळ बसतात, यावर कोणताही अभ्यासक्रम टिकतो किंवा तीन महिन्यांत गळतो. पद्धतींच्या तुलनेत हा रकाना सहसा नसतोच.

तिसरा प्रश्न गंभीर आहे आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. बोलायला उशीर, ऐकण्यातली किंवा दिसण्यातली अडचण, स्वमग्नतेची सुरुवातीची लक्षणं अनेकदा बालवाडीच्या बाईंच्या लक्षात येतात, कारण त्यांच्यासमोर वीस मुलं असतात. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात. घरी शिकणारं मूल या दोन्ही नजरांतून निसटू शकतं. अंगणवाडीत नाव घालून तपासणीला नेणं आणि वर्षातून एकदा विकासाचे टप्पे बालरोगतज्ज्ञांकडून पाहून घेणं, ही कोणत्याही अभ्यासक्रमाच्या निवडीआधीची गोष्ट आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथा पडद्याचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली, तीही कमी असेल तर उत्तम. आजचे कित्येक घरगुती अभ्यासक्रम मात्र ॲपवर चालतात. मुलासोबत बसून पाहिलेला एक व्हिडिओ आणि एकट्याने पाहिलेला व्हिडिओ यांत फरक आहे, हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. अभ्यासक्रमात तो कसा मोजायचा यावर एकमत नाही.

शेवटचा मुद्दा नोंदींचा. गिजुभाई आणि ताराबाईंनी आपले प्रयोग लिहून ठेवले आणि 'शिक्षणपत्रिके'तून ते इतरांपर्यंत नेले, म्हणून आज त्यांच्याशी वाद घालता येतो. महाराष्ट्रात घरी बालवाडी चालवणारी कुटुंबं बरंच करून पाहत आहेत, पण ते लिखित स्वरूपात एकत्र आलेलं नाही. एखाद्या संस्थेने किंवा शिक्षणशास्त्र विभागाने साध्या नोंदी मागवल्या तरी पुष्कळ कळेल: कोणता क्रम धरला, कितव्या महिन्यात सोडला आणि का, घरात कोण किती वेळ देत होतं, मूल कोणत्या भाषेत बोलत होतं, पहिलीत गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांत शिक्षिकेला काय दिसलं. सोडलेल्या प्रयोगांच्या नोंदी त्यात टिकलेल्यांइतक्याच हव्यात, आणि त्या मराठी माध्यमात गेलेल्या मुलांच्याही हव्यात.